दादांना न विचारता बसवलेले दिवे

विश्वंभर कऱ्हाळे सरांनी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आयुष्यातला पहिला निर्णय स्वतःच्या मनाने घेतला. निर्णय तसा किरकोळ होता. बैठकीच्या खोलीत छताच्या आत बुडवलेले सहा गोल दिवे बसवायचे, एवढाच. पण पुढे जे महाभारत झाले ते ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी आज कोणी त्याला किरकोळ म्हणत नाही.

सर हिंगोलीत औंढा रस्त्याकडच्या वसाहतीत राहतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहेत. शाळेत त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही. घरात मात्र आजवर प्रत्येक पान दादांना विचारून हलले. दादा म्हणजे थोरले बंधू संतराम. ते सेनगावकडे साखरा या गावी शेती पाहतात. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी विश्वंभरला वाढवायला घेतले, आणि वाढवून झाल्यावर थांबायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नाही. प्लॉट दादांनी पाहिला. घर दादांनी उन्हात उभे राहून बांधून घेतले. भिंतींचा पोपटी रंग दादांच्या पसंतीचा, सरांच्या चष्म्याची फ्रेमही. यात दादांचा जुलूम होता असे कोणी समजू नये. दादांनी सांगायच्या आधी सरच विचारत. घरात नवी बादली आणायची तरी ते 'दादांना विचारतो' म्हणत, आणि दादा बिचारे हळदीच्या रानात उभे राहून फोनवर बादलीचा रंग सांगत.

छताचेही तसेच. घरावर पत्रे आहेत. हिंगोलीचा उन्हाळा आणि पत्रे यांच्याबद्दल इथे लिहायला नको; ज्यांनी भोगले त्यांना सांगावे लागत नाही. दोन उन्हाळे भाजून निघाल्यावर दादांनीच पत्र्याखाली प्लास्टिकच्या पट्ट्यांचे छत मारून घेतले. पत्रा आणि छत यांच्यात जागा राहिली चार बोटांची. ऊन तरीही खाली यायचेच. मग गेल्या हिवाळ्यात दादांना एक युक्ती सुचली, जी कापूस पिकवणाऱ्या माणसालाच सुचू शकते. त्या हंगामात कापसाला भाव नव्हता आणि साखऱ्याच्या घरात ठेवायला जागा नव्हती. दादांनी वरचे पत्रे उचलायला लावले, त्या चार बोटांच्या फटीत आपला कापूस दाबून भरला आणि पत्रे परत ठोकून घेतले. बाजार चढेपर्यंत कापूस सुरक्षित, आणि तोवर धाकट्याचे घर थंड. घर खरोखरच थंड झाले. छताला मधोमध थोडे पोट आले, पण पन्नाशीनंतर ते कोणाला येत नाही?

हे सगळे असेच सुखाने चालले असते. पण होळीच्या आसपास सर एका सहकारी शिक्षकाच्या वास्तुशांतीला गेले. जेवण झाल्यावर सुपारी चघळत त्यांनी सहज मान वर केली आणि ती वरच राहिली. छताला बल्ब नाही, ट्यूब नाही, लोंबणारी वायर नाही. छत कसे सारवल्यासारखे सपाट, आणि त्यातून उजेड मात्र खाली पडतो आहे. यजमान म्हणाले, "काय सर, आवडलं का? आमचं आम्हीच ठरवलं." यजमानांनी हे साधेपणाने म्हटले होते. सरांच्या मात्र ते काळजात जाऊन बसले.

घरी येऊन त्यांनी आपल्या ट्यूबकडे पाहिले. ती एका टोकाला काळी पडली होती आणि तिच्यामागे एक पाल कायमची राहायला होती. ट्यूब दादांनी आणलेली होती. पाल आपल्या मनाने आली होती, आणि त्या क्षणी सरांना पालीचाही हेवा वाटला. त्यांनी शीलाताईंना सांगितले की आपण असे दिवे बसवणार आहोत. शीलाताईंनी मेथी निवडता निवडता नेहमीचा प्रश्न विचारला, की दादांना विचारलं का? सर म्हणाले, "न्हाई. अन् इचारणार बी न्हाई." मनातले बोलताना सर साखऱ्याच्या बोलीवर येतात. शीलाताईंनी मेथी बाजूला ठेवली आणि उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता. दिव्यांचे एक वेळ राहू द्या, पण निवृत्तीला आलेल्या माणसाला एकदा तरी म्हणता यावे की हे मी केले, माझ्या डोक्याने केले, एवढेच सरांचे मागणे होते. आणि हे करताना दादांचे मन दुखावू नये, हे दुसरे मागणे. ही दोन मागणी एका छताखाली नांदणार नाहीत हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले नाही. त्यांनी आलेख वहीच्या कागदावर छताचा नकाशा काढला, त्यात सहा वर्तुळे कंपासने आखली, आणि कागद कपाटात कपड्यांखाली लपवला. स्वतःच्या घरातले दिवे लपवून ठेवावे लागणे ही काही चांगली सुरुवात नव्हती.

पहिली अडचण कारागिराची. हिंगोलीतला जो वायरमन पाहावा तो दादांच्या ओळखीचा, सेनगावकडचा असेल तर नात्यातला. म्हणून सर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वारंगा फाट्याला गेले. दादांचा शब्द तिथपर्यंत पोचत नाही असा त्यांचा अंदाज होता. तिथे त्यांना जगन राठोड सापडला. जगन बोअरच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्यात वाकबगार होता आणि त्याला वाटे की जगातली सगळी वीज शेवटी पाणी उपसण्यासाठीच आहे. छतातले दिवे बसवलेस का, असे सरांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, दोनशे फुटांखाली मोटर बसवून राहिलो. हे तर डोक्याच्या वर हाय." या उत्तरावर सरांचे समाधान झाले. शेजारच्या दुकानातून जगनच्याच सल्ल्याने त्यांनी सहा भक्कम, खोल दिवे घेतले. पातळ दिवे टिकत नाहीत असे जगनचे मत पडले.

पहिले भोक पाडताच छतातून कापूस जगनच्या तोंडावर आला. तो बराच वेळ थुंकत राहिला. मग शिडीवरूनच त्याने विचारले, "सर, छतात कापूस हाय. काहून?"

उन्हासाठी, असे सरांनी सांगितले. तो दादांचा आहे आणि भावाची वाट पाहतो आहे हा तपशील त्यांनी गाळला. जगनने थोडा विचार केला, 'बराबर' म्हणाला आणि दिवा वर सारला. दिवा अर्धा आत गेला आणि पत्र्याला टेकून थांबला. उरलेला अर्धा खाली लोंबत राहिला. छतात बुडवायचे दिवे छतातून डोकावू लागले.

इथे शेजारी जळबाजी आले. जळबाजी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही कोणाच्या घरात शिरले की दोन्ही पाय फाकवून मधोमध उभे राहतात. त्यांनी सल्ला दिला की छत एक वीत खाली घ्या. जगन म्हणाला, छत कशाला, पत्रेच एक वीत वर उचलू. शीलाताई म्हणाल्या, दिवे परत करा. या तिन्ही सूचनांवर सरांनी गंभीरपणे विचार केला. छत खाली घ्यावे तर पंखाही खाली येणार. दादा अंगाने उंच, त्यात डोक्याला फेटा. दादा आत आले आणि पंख्याने फेटा उडवला, हे दृश्य सरांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. शेवटी दिवे बदलून भाकरीसारखे चपटे दिवे आणायचे ठरले. दुकानदाराने ते बदलून दिले, पण जगनकडे असे पाहिले की जगन बाहेर जाऊन उभा राहिला.

दरम्यान एक वेगळेच संकट आले. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि ते अंगावर आले की माणूस खाजवून खाजवून हैराण होतो, हे साखऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. सरांनाही ठाऊक होते, पण किडे आजवर छताच्या वर आणि सर छताच्या खाली असा करार होता. भोकांनी तो मोडला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला तपासणी अधिकारी आलेले, मुले रांगेत उभी, प्रतिज्ञा चालू, आणि मुख्याध्यापकांचा पुढे केलेला हात 'भारत माझा देश आहे' पर्यंत कसाबसा टिकून मग मानेकडे गेला. मुलांना वाटले नवी पद्धत निघाली असेल. दुसरीच्या वर्गाने तर एकसाथ मान खाजवली. अधिकाऱ्यांनी फक्त जाताना सरांशी हात मिळवला नाही. सरांच्या सेवेतला हा एक काळा दिवस होता आणि ते तो आजही विसरलेले नाहीत.

चपट्या दिव्यांना वीज पुरवणारी एकेक डबी असते. ती दिव्यामागे छतावर पडून असते आणि गरम होते. जगनचे म्हणणे होते की कापूस ही मुळात थंड वस्तू आहे, काही होणार नाही. एक दिवा लावून पाहिला. संध्याकाळपर्यंत देवघरातली वात करपल्यासारखा वास येऊ लागला. सरांनी तांब्याभर पाणी भोकातून वर फेकले. त्यातले बरेचसे परत त्यांच्याच अंगावर आले. जगनने मग शोध लावला की डबीभोवती मोकळी हवा पाहिजे. कापूस हाताने मागे सारला तर तो पुन्हा हळूहळू पुढे सरकतो. काढून टाकावा तर दादांचा कापूस ठेवायचा कुठे, आणि दादांना सांगायचे काय?

उत्तर शीलाताईंना सुचले. त्या दिव्यांच्या विरोधात होत्या, पण नवरा भिजलेला आणि खाजवणारा पाहून त्यांचे मन द्रवले असावे. त्यांनी स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली आणि पालथी घालून दाखवली. काठ बरोबर चार बोटांचा. प्रत्येक डबीवर एक चाळणी पालथी घातली की कापूस बाहेर राहील आणि जाळीतून हवा खेळेल. सर बायकोकडे पाहतच राहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण चाळणीकडे त्यांनी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते.

घरात चाळण्या दोन होत्या. चार शेजारून आणल्या. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असल्यामुळे कोणती कोणाची यात घोळ व्हायचे कारण नव्हते. घरातल्या एका चाळणीवर 'संतराम कऱ्हाळे यांजकडून' असे कोरलेले होते. ती लग्नातल्या आहेराची होती. सरांनी तिच्यावरची अक्षरे वाचली आणि ती जगनच्या हातात उलटी करून दिली.

भोके लहान आणि चाळण्या मोठ्या. तेव्हा पत्रे वरून उचलण्याला इलाज नव्हता. ऐन चैत्राच्या दुपारी जगन पत्र्यावर चढला, हुक सैल केले, दोन पत्रे बाजूला सरकवले, आणि त्याच वेळी औंढ्याच्या बाजूने वावटळ आली. वावटळीचा काही दोष नाही, ती त्या दिवसांत रोजच येते. तिने सरांच्या छतात हात घातला आणि मिळेल तेवढा कापूस घेऊन निघाली. कापूस बाभळीवर बसला, तारांवर बसला, आणि सगळ्यात जास्त बसला तो जळबाजींच्या गच्चीवर. तिथे भिकाबाईंनी म्हणजे जळबाजींच्या मंडळींनी नुकत्याच गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या, ओल्या. कुरडया क्षणात लोकरीच्या झाल्या. भिकाबाई भांडल्या नाहीत. त्या आपल्या गच्चीच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि सरांकडे नुसत्या पाहत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते असे सर म्हणतात.

आता वसाहतभर कळले की कऱ्हाळे सरांच्या छतात कापूस आहे. पण साखऱ्याला कळायच्या आत दिवे लागले पाहिजेत, म्हणून सरांनी जगनला घाई केली. घाईत चाळण्या बसल्या, पत्रे बसले. सर खाली मधोमध उभे राहिले. शीलाताई दारात, जळबाजी अर्थातच त्यांच्या ठरलेल्या जागी. जगनने पत्र्यावरूनच 'दाबा' म्हणून सांगितले. सरांनी बटण दाबले.

दिवे लागले. सहाच्या सहा. छत उजळले, सरांचा चेहरा उजळला, आणि क्षणभर त्यांना वाटले की सगळे सार्थकी लागले. मग वर कुठेतरी तडतड झाली. एका चाळणीच्या काठाने वायर कापली होती, आणि ती चाळणी कोणाच्या नावाची होती हे सांगायलाच हवे असे नाही. एरवी फ्यूज उडून प्रकरण मिटले असते. पण दिव्यांचा भार पडेल म्हणून जळबाजींनी आदल्या दिवशी आपल्या हाताने फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातली होती. ती तार हलली नाही. मीटर मात्र वितळले. छतातून धूर येऊ लागला तसे जगनने एक पत्रा उचकटून वर ठेवलेली पाण्याची छोटी टाकीच फटीत उपडी केली. आग विझली. दादांचा उरलासुरला कापूस चिंब झाला आणि सहा वर्तुळांतून पाणी धारेने खाली गळू लागले. कंपासने आखलेली असल्यामुळे धारा अगदी समान अंतरावर होत्या.

वीज कार्यालयातल्या बाबूंनी सरांना खुर्ची दिली, पाणी विचारले आणि अत्यंत सभ्यपणे सांगितले की मीटर संतराम गंगाराम कऱ्हाळे यांच्या नावावर आहे, तेव्हा नव्या मीटरचा अर्ज त्यांचाच लागेल, सही त्यांचीच आणि हजरही तेच राहतील. सर म्हणाले, मी त्यांचा सख्खा भाऊ. बाबू म्हणाले, ते दिसतंच आहे सर. सरांनी आपण मुख्याध्यापक असल्याचे सांगितले. बाबूंनी त्याबद्दल आदर व्यक्त केला आणि कोरा अर्ज पुढे सरकवला. दादांना न विचारता करायच्या एकमेव कामासाठी आता दादांचीच सही हवी होती.

सरांनी फोन केला. काय बोलायचे ते त्यांनी आधी मनाशी चांगले रचले होते, पण प्रत्यक्षात तोंडातून एवढेच निघाले, "दादा, मीटर जळालं." दादा म्हणाले, "येतो."

दादा नर्मदा वहिनींना घेऊन आले. आधी कार्यालयात जाऊन त्यांनी सही केली. मग घरी आले. बैठकीच्या खोलीत वीज नव्हती, पंखा नव्हता. जगनने काढलेला ओला कापूस कोपऱ्यात चादरीवर ढिगाने पडला होता आणि त्याला कुबट वास सुटला होता. शेजारी सहा चाळण्या रचून ठेवल्या होत्या. दादांनी वर पाहिले, मग कापसाकडे, मग चाळण्यांकडे. वरचीच चाळणी उचलून त्यांनी तिच्यावरचे नाव वाचले आणि परत जागेवर ठेवली. शीलाताई स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी त्यांच्यामागे गेल्या.

"लाईट बसवायचे होते," दादा म्हणाले, "तर मला काहून सांगितलं न्हाई?"

सरांकडे बरीच कारणे तयार होती. हळद काढणीची घाई, दादांची तब्येत, अचानक ठरले वगैरे. शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांकडून त्यांनी आयुष्यभर कारणे ऐकली होती, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःची कारणे तशीच ऐकू आली. ती त्यांनी सांगितली नाहीत.

"सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणले असते."

"व्हय. न्हाईच म्हणलो असतो."

"अन् मी ऐकलं असतं," सर म्हणाले. "दादा, मला एकदा तुमाला न इचारता काहीतरी करायचं व्हतं. निस्तं एकदा. तुमचा कापूस खराब करायचा नव्हता."

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर सरांनी पाय धरले असते, त्याची त्यांना सवय होती. दादांनी बारदान मागून घेतले आणि ते खाली बसून ओला कापूस हाताने भरू लागले. सर मदतीला वाकले तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." मग एक छोटा टेम्पो बोलावून कापूस आणि वहिनींसह ते साखऱ्याला गेले. जेवले नाहीत. दादा या घरातून न जेवता गेले असे आजवर कधी झाले नव्हते, आणि शीलाताईंनी त्यांच्यासाठी केलेल्या भाकरी त्या दिवशी कोणालाच गोड लागल्या नाहीत.

नवे मीटर आले. जगनही आला, आणि आता छत रिकामे असल्यामुळे त्याने दिवे अगदी सरळ बसवून दिले. दिवे लागले ते झकास लागले. वसाहतीतले लोक बघायला आले, जळबाजींनी मधोमध उभे राहून सगळ्यांना माहिती दिली, भिकाबाईसुद्धा दारातून डोकावून गेल्या. पण कापूस गेला तशी पत्र्याची आग सरळ खाली उतरू लागली. दिव्यांखाली बसणे अशक्य झाले. सर संध्याकाळी बटण दाबून सहाही दिवे लावत आणि बाहेर ओट्यावर येऊन बसत. आत रिकामी खोली लखलखत असे. रोज सकाळी येणारा दादांचा फोन बंद झाला होता. सर करत तेव्हा वहिनी उचलत आणि म्हणत की ते रानात गेलेत. घरात विचारायचे कोणाला असा प्रश्न उरला नव्हता, सर आता काय वाटेल ते ठरवू शकत होते, आणि त्यांना काहीच ठरवावेसे वाटत नव्हते. सर मनातून खचले होते.

पुढे वैशाखात दादा हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात आले. येणार हे सरांना कळवलेले नव्हते. हळद विकून झाल्यावर, दिवस मावळायच्या सुमाराला ते दारात उभे राहिले. फेट्यावर, कानांवर, मिशांवर हळदीची पिवळी धूळ होती. ते आत आले नाहीत, ओट्यावरच सरांच्या शेजारी बसले. शीलाताईंनी पाणी दिले. उघड्या दारातून आतला उजेड त्यांच्या पायांपर्यंत येत होता. दादा बराच वेळ त्या उजेडाकडे पाहत बसले.

"इश्वंभर," ते म्हणाले, "साखऱ्याच्या घरालाबी पत्र्याखालून छत मारायचं म्हणतो. तुझी वहिनी म्हणते, तिथं असलेच लाईट बसवा. बसवू का नको?"

सर सवयीने म्हणाले, "तुमाला बराबर वाटंल तसं, दादा."

"मला काय वाटतं ते मला ठावं हाय. मी तुला इचारून राहिलो."

सरांनी मान वळवून आत पाहिले. 'बसवा' म्हटले असते तर सगळेच भरून निघत होते. साखऱ्यात, थोरल्या भावाच्या घरात, धाकट्याच्या शब्दावर दिवे लागले असते, आणि धाकट्याने केले ते योग्यच केले असे गावाने म्हटले असते. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. आणि वहिनी त्या पत्र्याखाली, त्या दिव्यांखाली, उन्हाळाभर भाजून निघाल्या असत्या.

"नका बसवू, दादा," सर म्हणाले. "उजेड बेस पडतो, पण खाली बसवत न्हाई. मी तर रोज हितं भाईर बसून राहतो. त्या फटीत कापूसच भरा तुमी. घर थंड राहतं."

हे बोलताना आपलीच फजिती आपण सांगतो आहोत याची त्यांना लाज वाटली नाही. दादांनी मान हलवली, दोनदा. मग बंडीच्या खिशातून फोन काढून त्यांनी वहिनींना लावला. दादा फोनवर नेहमी मोठ्याने बोलतात, साखऱ्याला फोनशिवायही ऐकू जावे तसे.

"लाईट न्हाई बसवायचे," ते म्हणाले. पलीकडून वहिनींनी काहीतरी विचारले असावे, बहुधा का म्हणून. "इश्वंभरला इचारलं मी. त्यो नको म्हणला." आणि थोडे थांबून, "नको म्हणला म्हंजे नको. आता अजून कोणाला इचारू?"

फोन खिशात ठेवून दादांनी शीलाताईंना हाक मारली आणि जेवायला काय केलंय ते विचारले. सरांना तिथे बसवेना. दादांसाठी पाट मांडतो असे काहीतरी पुटपुटत ते आत गेले आणि त्या भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत, सहा दिव्यांच्या खाली, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शीलाताई ताट घेऊन आल्या तेव्हा चौपन्न वर्षांचे मुख्याध्यापक लहान लेकरासारखे रडत होते. त्यांनी ताट खाली ठेवले, दिवे बंद केले, आणि दादांचे पान ओट्यावरच वाढते म्हणाल्या, तिथे वारा आहे.